अल्सेशियन की कारवान ?

"तू कॉलेजात जातेस ना, मग तूच सांग !" असे म्हणून आबांनी घरातला एक वाद माझ्या गळ्यात घातला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे खताच्या पोत्यावरच्या मजकुरापासून कोर्टाच्या नोटिशीपर्यंत सारे काही माझ्यापुढे येते. या वेळी प्रश्न होता कुत्र्याचा. आमच्या शेतातल्या वस्तीवरून मोटारीची केबल दोनदा चोरीला गेली. पुण्याला नोकरी करणाऱ्या दादाच्या मनात अल्सेशियन आहे, तर आबांच्या मनात आपल्या लातूर भागातला कारवान.

वाचकहो, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. बसस्थानकावरून कॉलेजकडे येताना एका बंगल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी रोज एक अल्सेशियन साखळीला बांधलेला पाहते. एप्रिलमध्ये परीक्षेला जाताना तो जीभ बाहेर काढून नुसता धापा टाकत होता. फाटकावरची पाटी मात्र झोकदार !

दादाची बाजू आधी मांडते. अल्सेशियन हुशार, सांगितलेले चटकन शिकणारा. पोलिसांनी त्याला पसंत केले ते उगाच नव्हे. माक्स फॉन श्टेफानित्स या जर्मन घोडदळातील अधिकाऱ्याने १८९९ पासून ही जात घडवली. तिचा मूळ धंदा मेंढ्या राखण्याचा. पहिल्या महायुद्धानंतर 'जर्मन' हा शब्द इंग्रजांना सोसेना, म्हणून त्यांनी नाव बदलले. १९७७ मध्ये त्यांनी जुने नाव पुन्हा मान्य केले. आपण मात्र अजून अल्सेशियनलाच धरून बसलो आहोत! पण या हुशारीला रोज काम लागते, रोज कोणीतरी सोबत लागते. अंगावर केसांचा दुहेरी थर, नराचे वजन ३० ते ४० किलो, शिवाय या जातीत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो. आमच्याकडचा उन्हाळा त्याला कसा झेपावा ?

कारवानचे तसे नाही. लांब पाय, खोल छाती, आत गेलेले पोट, आखूड केस. हे शरीर याच मातीत आणि याच उन्हात घडले आहे. शेजारच्या कर्नाटकात याच्याच भाऊबंदाला मुधोळ म्हणतात. २००५ मध्ये तो टपालाच्या तिकिटावरही आला. परंतु आबा सांगतात तेवढा तो सोपा नाही. तो नजरेने सावज हेरून धावणारा कुत्रा. एकदा सुटला की हाकेला परत फिरेल असा भरवसा नाही. मग पुढे ससा असो की शेजाऱ्याची कोंबडी ! परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही, पण म्हणून तो जातिवंत राखणदार ठरत नाही.

खरे पाहता दोघांचीही नोकरी गेली आहे. एकाला मेंढ्या उरल्या नाहीत, दुसऱ्याचा ससा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सोडवला. दोघेही सुशिक्षित बेकारच ! (आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना हे दुःख कोणी समजावून सांगायला नको.) तेव्हा रुबाब कोणाचा अधिक, हे विचारण्यापेक्षा आपले घर त्याला रोज काय देऊ शकते, हे विचारावे. अल्सेशियनला माणूस हवा, कारवानला मोकळे रान हवे. आमच्याकडे रान आहे. पण दादा पुण्यात, आबा दिवसभर शेतात आणि मी एस.टी.त. मी कारवानच्या बाजूने कौल दिला.

एवढ्यात चुलीजवळून आई म्हणाली, "त्याची भाकर थापणार कोण, हे विचारलं का कुणी ?" आम्ही तिघेही गप्प. दादा तर फोनवर होता, तरीही गप्प ! वस्तीवर दिवसभर आईच असते. कुत्रा खरे तर तिचाच होणार आणि नेमके तिलाच आम्ही विचारले नव्हते. "कोणतंही आणा," ती म्हणाली, "पण बांधून घालायचं असलं तर आणू नका. आणि मोकळं सोडायचं असलं तर आधी विहिरीचं बघा."

आमच्या विहिरीला कठडा नाही. भरधाव पळणाऱ्या कुत्र्याला ती दिसणार कधी ? हे ना माझ्या डोक्यात आले होते, ना आबांच्या.

दादाने अल्सेशियनसाठी साठवलेले पैसे सध्या विटा आणि सिमेंटमध्ये गेले आहेत. पिल्लू दिवाळीनंतर आणायचे ठरले आहे.