मत वाया जातं कुणाचं?



निवडणूक आली की मोठ्या पक्षाचा माणूस फाटकापाशी येऊन एकच पाढा म्हणतो, "लहान पक्षाला मत देऊ नका, वाया जाईल!" अहो, नांदेडची उस्मानशाही मिल बंद पडली तेव्हा राज्य काय लहान पक्षांचं होतं?

लहान पक्ष निवडून येत नाही, हे तर साफ खोटं. १९५७ साली शेकाप, प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन ही एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी मंडळी संयुक्त महाराष्ट्र समितीत एका जुवाला आली आणि गिरणगावानं डांग्यांना लोकसभेत पाठवलं. मराठवाड्यात तेव्हा वारं काँग्रेसचं. तरी कंधारच्या लोकांनी शेकापचे केशवराव धोंडगे निवडून दिलेच. पुढं आणीबाणी उठली अन् १९७७ साली नांदेडहून केशवराव, लातूरहून उद्धवराव पाटील, दोघेही शेकापचे, दिल्लीला गेले. मात्र तेव्हा जनता पक्षाशी समझोता होता. विरोधाचं मत फुटलं नव्हतं.

फुटलं की काय होतं, ते नांदेडनंच पाहिलं. २०१९ साली लोकसभेला काँग्रेसचे अशोक चव्हाण ४०,१४८ मतांनी पडले, भाजपचे चिखलीकर आले. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला मतं होती १,६६,१९६. ती सगळी काँग्रेसलाच पडली असती असं कुणी छातीठोक सांगू नये. पण ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून, असा आपला कायदा. तिथं हा आकडा बोलतोच.

मग दोष वंचितला मत देणाराचा? मुळीच नाही. गरिबाचं मत म्हणजे आपल्याच कणगीतलं धान्य, असं मोठे समजतात आणि जागा द्यायची वेळ आली की हात आखडतात. आणि गंमत बघा, ज्या चव्हाणांना मत न दिल्याबद्दल लोकांना बोल लावला, तेच २०२४ च्या फेब्रुवारीत भाजपात गेले! आता सांगा, वाया कुणाचं मत गेलं?

माझं म्हणणं एवढंच की पगार थकल्यावर, मिलला कुलूप लागल्यावर जो फाटकावर बसला, त्याचा पक्ष लहान असला तरी मत त्याला द्यावं. जो फक्त फॉर्म भरायला उगवतो, त्याला मोकळ्या हातानं परत धाडावं. अन् बसलेल्यांनीही आपसात एकमेकांविरुद्ध उभं राहू नये. नोव्हेंबर २०२४ ची नांदेडची पोटनिवडणूक काँग्रेसनं अवघ्या १,४५७ मतांनी जिंकली. एवढी माणसं तर आपल्या दोन-चार वस्त्यांत निघतात. तेव्हा पुढच्या खेपेला फॉर्म भरायच्या आधीच युनियननं सगळ्या विरोधी पक्षांना एका सतरंजीवर बसवावं आणि जागेचा निकाल लागेपर्यंत उठू देऊ नये.