चक्रीवादळ घाट चढून येते : पूर्वतयारीसाठी मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, अहिल्यानगर

महोदय,

चक्रीवादळ म्हटले की सगळी यंत्रणा कोकणाकडे बघते, आणि ते रास्तच आहे. 3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा तिथे वारा ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. समुद्राची वाफ तुटली, सह्याद्री आडवा आला, की वादळाचा जोर उतरतो. पण उतरलेला जोरही शेडनेट फाडायला आणि पत्रे उडवायला पुरतो, हे अकोले, संगमनेर, पारनेरच्या शेतकऱ्यांना सांगावे लागत नाही.

वादळ किनाऱ्याला लागल्यापासून आमच्या शिवारात येईपर्यंत काही तास हातात असतात. हे तास आज वाया जातात. ते कामी लागावेत, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

‘जिल्ह्यात सोसाट्याचा वारा व मुसळधार पावसाची शक्यता’ एवढ्या इशाऱ्यावर शेतकऱ्याने काय करायचे? घाटघरचा पाऊस वेगळा, श्रीगोंद्याचा वेगळा. आम्हाला इशारा महसूल मंडळनिहाय हवा. त्यात वारा किती, कोणत्या दिशेचा आणि साधारण किती वाजता, हे असावे. दिशा का, तेही सांगतो. मेअखेर उन्हाळी कांदा चाळीत असतो. चाळ हवेसाठी दोन्ही बाजूंनी मोकळी, त्यामुळे झोडपणारा पाऊस थेट आत शिरतो आणि भिजलेला कांदा सडू लागतो. वादळाचे केंद्र आपल्या पश्चिमेकडून गेले तर वारा दक्षिणेचा लागतो, पूर्वेकडून गेले तर उत्तरेचा. हे आधी कळले तर ताडपत्री नेमक्या बाजूला बांधता येते. सगळी चाळ गुंडाळून ठेवली तर आत दमट होऊन कांदा तसाही जातो.

पॉलिहाऊसचे दुखणे याहून मोठे. वारा बेताचा असेल तर पडदे घट्ट लावून घ्यायचे, फारच असेल तर कागद कापून सांगाडा वाचवायचा. कागद कापणे म्हणजे आपल्याच हाताने नुकसान करून घेणे. आकड्याशिवाय हा निर्णय कोणी घेऊ शकत नाही. महावेधची स्वयंचलित केंद्रे मंडळामंडळांत वाऱ्याचा वेग मोजतात. वादळाच्या दिवशी तो आकडा तासातासाला ग्रामपंचायतीत आणि कृषी सहायकाकडे मिळावा.

ज्या वाड्यांना मोबाईलची रेंज धड मिळत नाही, तिथे संदेश पाठवला म्हणजे काम झाले असे धरू नये. पोलीस पाटील आणि कोतवालांमार्फत दवंडी द्यावी, देवळाचा भोंगा वापरावा. कच्च्या घरांतल्या माणसांसाठी शाळा आधीच उघडून ठेवावी. वीज जाणार हे गृहीत धरून नळयोजनेच्या टाक्या आदल्या दिवशी भराव्यात. महावितरणने तारांवर आलेल्या फांद्या एप्रिलमध्येच छाटाव्यात. तार तुटली की जनावर दगावते, कधी माणूसही.

नुकसानीनंतरचा एकच मुद्दा मांडतो, पण तो फार जिव्हाळ्याचा आहे. 33 टक्के नुकसानीचा निकष उभ्या पिकाला लागतो. चाळीतला कांदा उभे पीक नाही, पॉलिहाऊस पीकही नाही आणि घरही नाही. वर्षभराची कमाई ज्यात असते तेच पंचनाम्याच्या रकान्याबाहेर राहते. या दोन्हींची नोंद स्वतंत्र रकान्यात व्हावी आणि मदतीचा प्रस्ताव आपल्या शिफारशीसह शासनाकडे जावा.

अरबी समुद्रातली वादळे मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उठतात. फयान 11 नोव्हेंबर 2009 रोजी आले होते, तौक्ते मे 2021 मध्ये. म्हणून दरवर्षी एप्रिलअखेर आणि सप्टेंबरअखेर अशा दोन बैठका तालुक्याच्या ठिकाणी घ्याव्यात. तहसीलदार, तालुका कृषी अधिकारी आणि महावितरणचे अभियंता यांच्यासोबत आमच्या प्रतिनिधींनाही बोलवावे. पहिल्या बैठकीची तारीख आम्हाला लेखी कळवावी, ही विनंती.

आपले,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद शेतकरी
अकोले, संगमनेर व पारनेर तालुके