सूर्य न मावळणाऱ्या वाटेवर

अमेरिकेच्या अलास्का राज्यातील डाल्टन महामार्ग १९७४ साली अवघ्या १५४ दिवसांत बांधला गेला. तेलवाहिनीच्या बांधकामासाठी साहित्य नेणे हा त्याचा हेतू होता. फेअरबँक्स शहराच्या उत्तरेस सुरू होणारा हा ६६६ किलोमीटरचा रस्ता आर्क्टिक महासागराजवळील डेडहॉर्स या तेलकामगारांच्या वसाहतीत संपतो. त्याचा बराचसा भाग आजही खडीचा आहे.

आपल्या समाजातील अनेक तरुण आज अमेरिकेत स्थिरावले आहेत. त्यांपैकी एखादा जून महिन्यात, एकटाच, गाडी घेऊन या वाटेने निघाला असे समजू. प्रथम त्याला युकॉन नदी लागते. मग स्प्रूस वृक्षांचे अरण्य हळूहळू विरळ होत संपते. पुढे ब्रूक्स पर्वतरांग येते; तेथील ॲटिगन खिंड १,४४४ मीटर उंचीवर आहे. शेवटी समुद्र.

नदी, अरण्य, पर्वत, समुद्र हा क्रम श्रावकाला परका नाही. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात दिग्व्रताच्या मर्यादा याच खुणांनी आखण्यास सांगितले आहे. अमुक नदीपलीकडे, अमुक पर्वतापलीकडे जाणार नाही, असा नियम श्रावक स्वतःच करतो. प्रवासाला सीमा पडली की लोभालाही पडते, हा त्यामागील विचार.

या वाटेवर अशा सीमेची गरज फार लवकर कळते. कोल्डफूट या थांब्यानंतर डेडहॉर्सपर्यंतच्या सुमारे ३८६ किलोमीटरमध्ये इंधन, भोजन, दवाखाना यांपैकी काहीही नाही. मोबाइलचा संपर्क बहुतेक ठिकाणी मिळत नाही. अणकुचीदार खडीने टायर फाटतात, म्हणून जाणकार दोन स्टेपन्या बरोबर ठेवण्यास सांगतात. शाकाहारी माणसाने तर खाकरे, चटण्या आणि पाणी घरूनच मोजून न्यावे हे उत्तम.

आणखी एक अडचण मोठी विलक्षण आहे. जून महिन्यात डेडहॉर्सला सूर्य मावळतच नाही. रात्रिभोजन त्यागणाऱ्याने तेथे दिवस कोठे संपला म्हणावे? एरवी अंधार पडला की प्रवासी थांबतो. तेथे थकलेला चालकही उजेडाच्या भरवशावर गाडी हाकत राहतो. निसर्ग जेथे मर्यादा घालून देत नाही, तेथे ती स्वतः घालावी लागते. घड्याळात अमुक वाजले की भोजन बंद, अमुक वाजले की गाडी बंद.

या तरुणाने निघताना एक नियम केला आहे. दुसरी स्टेपनी लावावी लागली, तर तेथूनच परतायचे. खिंड ओलांडल्यावर ती वेळ येते. आता जवळ एकही जादा चाक नाही. डेडहॉर्स दोनशे किलोमीटरवर आहे, कोल्डफूटही जवळपास तितकेच मागे. आकाश निरभ्र आहे. ‘एवढे आलोच आहोत’ असे मन म्हणू लागते.

दिग्व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. वर, खाली आणि तिरपे मर्यादा ओलांडणे हे पहिले तीन. चौथा क्षेत्रवृद्धी, म्हणजे ठरविलेले क्षेत्र सोयीनुसार वाढविणे. पाचवा, ठरविलेली मर्यादा विसरून जाणे. शास्त्रकारांनी मनाची ही चाल किती अचूक ओळखली होती! पेढीवरही हेच घडते. एका ग्राहकाला पाच लाखांपलीकडे उधारी नाही, असे दिवाळीला ठरते. हंगाम चांगला दिसला की सात होतात, मग दहा. पैसा बुडतो तेव्हा ग्राहकाला दोष दिला जातो; मर्यादा कोणी वाढविली, हे कोणी विचारत नाही.

तो तरुण गाडी वळवतो. समुद्र त्याला दिसत नाही. तसाही सार्वजनिक रस्ता समुद्राच्या काही किलोमीटर अलीकडेच संपतो. पुढील तेलक्षेत्रात खासगी वाहनांना प्रवेश नाही. परतताना तिसरा टायर फाटेल किंवा फाटणारही नाही. न फाटल्यास त्याचा निर्णय चुकला, असे मात्र ठरत नाही. मर्यादा शांत मनाने, घरी बसून ठरली होती; मोह वाटेवर भेटला होता. दोहोंपैकी कोणाचे ऐकावे, हे हिशेब जाणणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून दूरच्या प्रवासाला निघणाऱ्याने आपली सीमा कागदावर लिहावी आणि घरातील एका माणसाला सांगून ठेवावी. साक्षीने घेतलेला नियम सहसा विसरला जात नाही.