लेकरू इथलं, कागद कुठला?



मागच्या पंधरवड्यात खापरखेड्याच्या एका भगिनी आम्हाला भेटायला आल्या. त्यांचे यजमान वीज केंद्रात ठेकेदाराकडे मजुरी करतात. मूळ गाव बालाघाट जिल्ह्यातले; पोटासाठी तरुणपणीच इकडे आले आणि इथलेच झाले. थोरली मुलगी इथेच जन्मली, इथल्याच शाळेत शिकली, आता बारावी चांगल्या गुणांनी पास झाली. अधिवासाचा दाखला मिळाला. पण जातीच्या दाखल्याच्या वेळी खिडकीवरून उत्तर मिळाले, "1950 सालचा महाराष्ट्रातला पुरावा आणा." बाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "भाऊ, माही पोरगी इथंच जन्मली, इथंच शिकली. मंग ते बाहेरची कशी झाली?"

हा प्रश्न एकट्या त्या माउलीचा नाही. वीज केंद्र, सिल्लेवाडा-वलनीच्या कोळसा खाणी, वीटभट्ट्या यांच्या आधाराने छिंदवाडा, बालाघाट, शिवनीकडची कितीतरी कुटुंबे आपल्या भागात स्थायिक झाली आहेत. म्हणून या वेळी आम्ही ठरवले की, मुलांच्या शिक्षणाच्या सवलती आणि बचत यांत "राहणार कुठले" हा नियम कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, ते सरळ भाषेत सांगावे.

पहिली गोष्ट अशी की, अधिवासाचा दाखला वेगळा आणि जातीचा दाखला वेगळा. अधिवास म्हणजे आपण महाराष्ट्रात कायमचे राहतो याचा पुरावा. तो तहसील कार्यालयातून मिळतो आणि त्यासाठी साधारणतः 15 वर्षांच्या सलग वास्तव्याचे कागद मागतात. जातीच्या दाखल्याला मात्र एक ठरलेली तारीख आहे. अनुसूचित जातींसाठी ती 10 ऑगस्ट 1950. त्या दिवशी आपले कुटुंब आज महाराष्ट्रात असलेल्या भागात राहत होते, हे दाखवावे लागते.

इथे एक गंमत लक्षात ठेवा. 1950 साली महाराष्ट्र राज्यच नव्हते. आपले नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि 1956 पर्यंत तसेच राहिले. त्यामुळे आजोबांच्या जुन्या कागदावर "मध्य प्रदेश" लिहिलेले दिसले की काही लोक घाबरतात. घाबरू नका. गाव आज महाराष्ट्रात असेल तर कागद कामाचा आहे. पण बालाघाट आजही मध्य प्रदेशातच आहे, म्हणून त्या भगिनीची अडचण खरी आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली मर्री चंद्रशेखर राव यांच्या खटल्यात आणि 1994 साली दुसऱ्या एका खटल्यात सांगितले की, अनुसूचित जातींची यादी राज्यागणिक असते. एका राज्यातला माणूस दुसऱ्या राज्यात गेला तर तिथल्या राज्याच्या सवलती आपोआप मिळत नाहीत. त्याच 1990 साली संसदेने कायदा दुरुस्त करून बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या. एका दाराने सवलत आली आणि सरहद्द ओलांडणाऱ्यांना दुसऱ्या दाराने अडली.

मग त्या मुलीला काहीच नाही का? आहे. वडिलांच्या मूळ राज्यातील दाखल्याच्या आधारे तिला स्थलांतरिताचा जातीचा दाखला इथूनच मिळू शकतो. आयआयटी, एनआयटीसारख्या केंद्राच्या संस्थांत आणि केंद्राच्या नोकरभरतीत तो चालतो. राज्यातील अभियांत्रिकीच्या जागांसाठीही ती बाहेरची नाही. दहावी-बारावी महाराष्ट्रातून आणि जन्म किंवा अधिवास इथला, म्हणजे ती महाराष्ट्राचीच उमेदवार ठरते. फक्त राखीव जागा आणि राज्याकडून मिळणारी शिष्यवृत्ती तिला नाही. आम्हाला हे न्यायाचे वाटत नाही. ज्याच्या घामावर राज्याचे दिवे लागतात, त्याच्या इथे जन्मलेल्या लेकराला राज्याने परके म्हणू नये. ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. पण मागणी मान्य होईपर्यंत मुलीचे वर्ष वाया जाऊ देऊ नका.

ज्यांचे कागद इथले आहेत, त्यांनीही गाफील राहू नये. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागते. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर राज्याची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफीची योजना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत, ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही अशा मुलांना राहण्या-जेवण्यासाठी रक्कम मिळते. तिथे तर नियम उलटा आहे. कॉलेज ज्या शहरात, त्याच शहराचा विद्यार्थी रहिवासी नसावा लागतो. म्हणजे खापरखेड्याच्या मुलाने नागपुरात शिकताना, सोयीसाठी म्हणून नागपूरच्या मामाचा पत्ता कागदावर घालू नये. घातला तर हातचे जाईल.

आणखी एक चूक घडते. दहावीला मुलाला आजोळी, सीमेपलीकडे पाठवतात. वैद्यकीय शिक्षणाच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, असा सर्वसाधारण नियम आहे. एका वर्षाची सोय पुढे डॉक्टरकीच्या आड येते.

आता बचतीकडे येऊ. अमेरिकेत मिशिगन राज्याने 1986 साली कायदा करून एक योजना काढली. पालकांनी कॉलेजची फी आधीच आजच्या हिशेबाने भरायची, मूल मोठे झाल्यावर ती फी चुकती झाली असे धरायचे. पण मूल त्या राज्याचे रहिवासी हवे! आपल्याकडे फी अशी आधी बांधून ठेवण्याची सरकारी सोय नाही. तिच्या जवळची म्हणजे सुकन्या समृद्धी योजना, 2015 सालची. हिच्यात एक मोठा गुण आहे. मुलगी भारताची रहिवासी असली की पुरे; कोणत्या राज्यातली, कोणत्या जातीची हे कुणी विचारत नाही. बदली झाली किंवा गाव सुटले तर खाते देशात कुठेही नेता येते.

नियम थोडेच आहेत. खाते उघडताना मुलगी 10 वर्षांच्या आत हवी. खाते आई-वडिलांनी किंवा कायदेशीर पालकानेच उघडावे. आजी-आजोबांना प्रेमापोटी उघडता येत नाही. एका मुलीचे एकच खाते आणि एका घरात दोन मुलींपर्यंत. जुळ्यांना सूट आहे. वर्षाला किमान 250 रुपये, जास्तीत जास्त दीड लाख. पैसे 15 वर्षे भरायचे, खाते 21 वर्षांनी पूर्ण होते. मुलगी 18 वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. प्रवेशाचा किंवा फीचा कागद दाखवावा लागतो. महिन्याला 250 रुपये टाकले तरी 15 वर्षांत 45,000 रुपये मुद्दल होते, व्याज वेगळे. मात्र ही फी नव्हे, पुंजी आहे. फी वाढली तर वरची भर आपल्यालाच घालावी लागेल.

त्या भगिनीच्या थोरल्या मुलीचे वय निघून गेले होते. पण धाकटी आठ वर्षांची आहे. गेल्या सोमवारी माय-लेकी पोस्टात जाऊन 250 रुपये भरून आल्या. थोरलीच्या दाखल्यासाठी वडील सुट्टी टाकून बालाघाटला गेले आहेत.

माय-बहिणींनो, घरातल्या पेटीत एक पिशवी वेगळी ठेवा. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचे दाखले, रेशन कार्ड, वीज बिले, भाडेपावत्या, आजोबांच्या कोतवाल बुकाची नक्कल, सगळे तीत घाला. मूल दहावीत गेल्यावर धावपळ करण्यापेक्षा सातवी-आठवीतच कागद तपासा. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर पिशव्या घेऊन बसा. लिहिता-वाचता येणाऱ्या तरुणांनी वडीलधाऱ्यांचे कागद वाचून द्यावेत. दागिना चोरीला गेला तर पुन्हा घडवता येतो. आजोबांच्या नावाचा कागद वाळवीने खाल्ला, तर नातीची फी कोण भरणार?

जयभीम!