झहीर गेला तेव्हा

'टीमला कोण गमावणं सगळ्यात महाग पडेल?' असं विचारलं की फुटबॉलवाले स्ट्रायकरचं नाव घेतात, क्रिकेटवाले बॅट्समनचं. दोघंही चुकतात. सर्वोत्तम कोण, हा प्रश्नच वेगळा आहे. खरा प्रश्न, कुणाच्या जागी उभं राहायला माणूसच नाही?

पुरावा आमच्या नगर जिल्ह्यातला आहे. २१ जुलै २०११, लॉर्ड्स. श्रीरामपूरच्या झहीर खाननं साडेतेरा ओव्हरमध्ये १८ रन देऊन २ विकेट काढल्या आणि मांडीमागचा स्नायू धरून तो बाहेर गेला. त्याच इनिंगमध्ये पुढे विकेटकीपर धोनीला ग्लव्ह्ज काढून बोलिंग टाकावी लागली. आता बघा, त्या सिरीजमध्ये राहुल द्रविडनं ३ शतकं ठोकली. तरी निकाल ०-४.

कुणी म्हणेल, बाकीची बॅटिंग झोपली होती. होतीच. पण एजबॅस्टनला इंग्लंडनं ७ बाद ७१० केले, ते काय बॅट्समननी दिले?

चौथ्या टेस्टला आर. पी. सिंगला बोलावलं. त्याची आधीची टेस्ट २००८ची! दुखापत हा अपघात असतो, पर्याय नसणं हा निवडणाऱ्यांचा आळस असतो.

निवृत्त झालेला सुनील छेत्री २०२५मध्ये, वयाच्या चाळिशीत, भारतासाठी परत उतरला तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. त्याच्यासाठी वाजवल्या ते ठीक. पण ती वेळ आणणाऱ्यांना जाब कोण विचारणार?

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात सगळा भार एकाच सर्व्हरवर असेल तर कुणी त्याची आरती करत नाही. दुसरा उभा करतात.