आळंदींतील दुसरें घर

शिल्लक पडलेला पैसा जागेंत घालावा, हा आपल्याकडील जुना विचार होय. चाकणच्या कारखान्यांतील नोकरदारांचें भाडें मिळेल या भरंवशावर हल्लीं कांहीं कुटुंबें आळंदीस कर्ज काढून लहानसें घर घेतात. अशांनीं आधीं हिशेब मांडावा, अशी आमची विनंती आहे.

समजा, साडेआठ टक्के व्याजानें २० लाखांचें कर्ज २० वर्षांकरितां काढलें. हप्त्यांचे वर्षास सुमारें २ लाख ८ हजार होतात. दरमहा ८,००० भाडें धरून नगरपरिषदेची घरपट्टी ४,००० वजा केली, तर ९२,००० उरतात. बाकीचे १ लाख १६ हजार पगारांतूनच जावयाचे!

‘प्राप्तिकरांत सूट मिळते,’ असें दलाल सांगतो. घरपट्टी जाऊन उरलेल्या भाड्यांतून ३० टक्के व कर्जाचें व्याज वजा होतें, हें खरें. पहिल्या वर्षीं व्याजच सुमारें १ लाख ६८ हजार असल्यानें कागदावर १ लाख ४ हजारांचा तोटा दिसतो. परंतु नव्या करपद्धतींत हा तोटा पगारांतून वजा होत नाहीं. भाड्यावर कर पडत नाहीं, इतकाच लाभ. जुन्या पद्धतींत तो वजा होतो. तरी वीस टक्क्यांच्या पायरीवरील गृहस्थाचे त्यानें सुमारें २१ हजारच वांचतात.

कर्ज एकाच्या नांवें असलें, तरी हप्ता मुलांच्या शिक्षणाआधीं व वडील माणसांच्या औषधपाण्याआधीं द्यावा लागतो. म्हणून सहा महिने घर रिकामें राहिलें तरी हप्ता पेलेल काय, हें सर्वांनीं एकत्र बसून ठरवावें. मगच विसार द्यावा.