बचावपटूच्या वाट्याला आलेला सोनेरी चेंडू

फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्याचे नाव फलकावर झळकते. टळलेल्या गोलची नोंद मात्र कोठेच होत नाही. १९५६ पासून दिला जाणारा ‘बॅलन डी’ओर’ हा मानाचा सोनेरी चेंडू म्हणूनच आजवर केवळ तीन बचावपटूंना लाभला. जर्मनीचे फ्रान्झ बेकेनबाउर (१९७२ व १९७६) आणि मथायस सामर (१९९६), व इटलीचा फाबिओ कानावारो (२००६). त्यातही दोघे जर्मन मागून चेंडू घेऊन पुढे सरसावणारे, डाव रचणारे. निव्वळ प्रतिस्पर्ध्याला रोखण्यासाठी हा मान मिळालेला या तिघांत कानावारो एकटाच.

उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच. मध्य बचावासाठी ती अपुरीच समजली जाते. परंतु उडीची अचूक वेळ आणि चेंडू कोठे येणार याचा आधीच घेतलेला अंदाज, या बळावर तो उंचपुऱ्या आघाडीपटूंना हवेतही पुरून उरे. जन्म नेपल्सचा. मॅराडोनाच्या काळात नापोलीच्या मैदानावर बॉलबॉय म्हणून काम केलेल्या या मुलाने १९९३ मध्ये त्याच क्लबकडून पदार्पण केले. आर्थिक ओढगस्तीत सापडलेल्या नापोलीने १९९५ मध्ये त्याला पार्माला विकले. तेथे बुफाँ आणि थुराम यांच्या साथीने उभी राहिलेली बचावफळी १९९९ चा ‘युएफा चषक’ घेऊन गेली. पुढे इंटरमधील दोन वर्षे निस्तेज. २००४ मध्ये युव्हेंटस.

२००६ च्या विश्वचषकात इटलीने सात सामन्यांत दोनच गोल स्वीकारले. एक स्वयंगोल, दुसरा अंतिम सामन्यातील झिदानची पेनल्टी. भरवशाचा साथीदार नेस्टा साखळीतच जायबंदी झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे कर्णधाराच्या कामगिरीचे मोल कळते. डॉर्टमुंडच्या उपांत्य सामन्यात जादा वेळेच्या अखेरीस जर्मनी बरोबरीसाठी तुटून पडली असताना कानावारोने डोक्याने चेंडू परतवला, लगोलग धावत जाऊन पोडोल्स्कीच्या आधी तो पुन्हा गाठला आणि त्यातूनच देल पिएरोचा दुसरा गोल साकारला. बर्लिनमधील अंतिम सामना हा त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना.

याच उन्हाळ्यात इटलीतील पंच-नेमणुकांच्या घोटाळ्याचा निकाल लागला. युव्हेंटसची दुसऱ्या श्रेणीत रवानगी झाली आणि कानावारो ज्या दोन हंगामांत विजेत्या संघात खेळला, ती दोन्ही विजेतेपदे क्लबला गमवावी लागली. खेळाडूंनी मैदानावर गाळलेला घाम त्यामुळे खोटा ठरत नाही. तरीही त्याच्या नोंदवहीतील ही पाने कोरीच राहिली. सोनेरी चेंडू घ्यायला तो गेला तोवर रेआल माद्रिदचा झाला होता.

माद्रिदमध्ये दोन लीग विजेतेपदे मिळाली खरी, परंतु २००६ चा कानावारो तेथे फारसा दिसला नाही. २०१० च्या विश्वचषकात गतविजेता इटली साखळीतच गारद झाला आणि १३६ आंतरराष्ट्रीय सामन्यांनंतर कर्णधाराने निळा गणवेश उतरवला. हा तेव्हाचा इटालियन विक्रम पुढे बुफाँने मोडला. बुफाँच २००६ च्या मतदानात दुसरा होता. पुरस्कार त्यालाच हवा होता असे मानणारे आजही आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही.

त्यानंतर हा मान एकाही बचावपटूला मिळालेला नाही. २०१९ मध्ये नेदरलँड्सचा व्हर्जिल व्हॅन डाइक अगदी जवळ पोहोचला होता. मेस्सीला ६८६ गुण मिळाले, त्याला ६७९.